डेटा कॉल चालू असताना पलीकडचा टेलिफोन स्विच दुरून कसा हलवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दूरच्या एका जागी एकच टेलिफोन लाइन आहे. तिच्यावर छोटा ईपीएबीएक्स (एक लाइन अनेक एक्स्टेंशनना वाटून देणारा खाजगी स्विच), त्याच्या एका एक्स्टेंशनवर डेटा लॉगरचा, म्हणजे मोजमापं नोंदवणाऱ्या यंत्राचा मोडेम आणि दुसऱ्यावर कंट्रोलरचा. इकडून मोडेमने फोन लावला की लॉगर उचलतो, डेटा येतो. मग कॉल न तोडता त्याच लाइनवरून कंट्रोलरच्या मोडेमकडे जायचं आहे. त्यासाठी डेटा चालू असतानाच इकडून डीटीएमएफ (फोनची बटणं दाबल्यावर वाजणारे) टोन पाठवून पाहिले, हुक फ्लॅशही (लाइन क्षणभर तोडून) देऊन पाहिला. स्विच ढिम्म हलत नाही, उलट अधूनमधून कॉलच तुटतो. हे जमण्यासारखं आहे का?

जमतं. पण तुम्ही ज्या टोकाकडून स्विच हलवू पाहताय त्या टोकाकडून नाही. ईपीएबीएक्सला आज्ञा द्यायची तर ती त्याच्या एक्स्टेंशनकडून किंवा त्याच्या स्वतःच्या कंट्रोल पोर्टमधून द्यावी लागते. तुमच्या हातात तिथपर्यंत पोचणारी एक पक्की वाट आहे, ती म्हणजे चालू असलेला डेटाच. टोन, फ्लॅश वगैरे जे करायचं ते पलीकडच्या कॉम्प्युटरला सांगून त्याच्याकडून करून घ्यायचं.

आधी हुक फ्लॅश. एक्स्चेंज लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी देतं. रिसीव्हर उचलला, किंवा मोडेमने लाइन घेतली, की लूप पूर्ण होऊन करंट वाहू लागतो. फ्लॅश म्हणजे हा लूप क्षणभर तोडणं: उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत अर्ध्या सेकंदाच्या आसपास, युरोपातल्या बऱ्याच पद्धतींत १०० मिलिसेकंदांच्या आसपास. पण हा डीसीचा खेळ तुमच्या लाइनच्या पहिल्या एक्स्चेंजपाशी संपतो. तिथून पुढे फक्त आवाज जातो, करंट नाही. त्यामुळे इकडून दिलेला फ्लॅश ऐकतं ते तुमचं एक्स्चेंज. तुमच्या लाइनवर तीन जणांच्या संभाषणाची किंवा कॉल होल्ड करण्याची सोय असेल तर ते इमानेइतबारे तुमचा कॉल होल्डवर टाकतं आणि तुम्हाला डायल टोन देतं. कॉल अधूनमधून तुटण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं म्हणजे फ्लॅश जरा लांबला तर एक्स्चेंज त्याला ‘फोन ठेवला’ असं समजतं, आणि फार आखूड झाला तर पल्स डायलिंगचा १ आकडा समजतं. कारण सेकंदाला १० पल्सच्या डायलिंगमध्ये एका पल्सचा तोडलेला भाग जेमतेम ६०-६५ मिलिसेकंदांचा असतो.

डीटीएमएफचं तसं नाही. ते आवाजाच्या पट्ट्यातच असल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातं. मग ईपीएबीएक्स का ऐकत नाही? कारण त्या वेळी तिथे ऐकायला कोणी बसलेलंच नसतं. डीटीएमएफ रिसीव्हर प्रत्येक एक्स्टेंशनला एकेक दिलेला नसतो. मोजकेच असतात आणि गरज पडेल तसे जोडले जातात. एक्स्टेंशनने रिसीव्हर उचलला की एक जोडला जातो, डायल करून झालं की सुटतो. बाहेरून आलेल्या कॉलसाठी ऑटो अटेंडंट किंवा डीआयएसए पोर्ट (बाहेरच्याला टोनने स्विचला आज्ञा देऊ देणारी सोय) असेल तर तेवढ्यापुरता जोडला जातो. कॉल एकदा एक्स्टेंशनकडे गेला की रिसीव्हर बाजूला. एक्स्टेंशनने फ्लॅश दिला तरच तो पुन्हा येतो. तुमचे टोन पलीकडे पोचत असतीलही, पण ते ऐकतो लॉगरचा मोडेम, आणि त्याच्या लेखी ती निव्वळ खरखर असते.

काही लाइन शेअरिंग स्विच मात्र कायम कान लावून असतात. फोन, फॅक्स आणि मोडेम यांच्यात एक लाइन वाटून देणारा तो छोटा डबा. फॅक्स ओळखण्यासाठी तो ११०० हर्ट्झचा टोन शोधतो (अर्धा सेकंद चालू, तीन सेकंद बंद) आणि त्यासोबत डीटीएमएफ कोडही स्वीकारतो. तुमच्याकडे ईपीएबीएक्सऐवजी असा डबा असता तरी डेटा चालू असताना तो बहुधा हलला नसता. का, ते जरा खोलात जाऊन पाहू, कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे.

डीटीएमएफच्या प्रत्येक बटणाला दोन टोन असतात. एक खालच्या गटातला (६९७, ७७०, ८५२ किंवा ९४१ हर्ट्झ) आणि एक वरच्या गटातला (१२०९, १३३६, १४७७ किंवा १६३३ हर्ट्झ). रिसीव्हर नुसते हे टोन आहेत का एवढंच पाहत नाही, बाकी काही नाही ना हेही पाहतो. बोलणाऱ्या माणसाच्या आवाजातही या फ्रिक्वेन्सी सापडतात. प्रत्येक वेळी त्यावर विश्वास ठेवला तर गप्पांमधून नंबर लागायला लागतील. म्हणून दोन्ही गटांतला एकेकच टोन ठळक हवा, दोघांची ताकद साधारण जवळपास हवी, टोन निदान ४० मिलिसेकंद टिकायला हवा आणि आजूबाजूला शांतता हवी, अशा अटी असतात. मोडेमचा सिग्नल नेमक्या याच अटी मोडतो. जुन्या व्ही.२२ मोडेममध्ये (‘व्ही.’ आणि आकडा ही मोडेमच्या आंतरराष्ट्रीय मानकांची नावं), म्हणजे सेकंदाला १२०० बिट्सच्या जमान्यात, फोन लावणारा मोडेम १२०० हर्ट्झच्या कॅरिअरवर (डेटा वाहून नेणाऱ्या मूळ टोनवर) बोलतो. त्याचा पसारा साधारण ९०० ते १५०० हर्ट्झ. म्हणजे डीटीएमएफचा वरचा गट जवळजवळ अख्खा झाकला जातो आणि खालच्यातला ९४१ सुद्धा. व्ही.३४ किंवा त्यापुढचे मोडेम तर ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा काठोकाठ भरतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी तोच पट्टा वापरतात. त्या गोंगाटात टोन मिसळला तर स्विचला तो कळत नाही, आणि मोडेमचा इक्वलायझर (लाइनचे दोष भरून काढणारा भाग) मात्र बिघडतो. मग रीट्रेन (दोन्ही मोडेमनी पुन्हा जुळवून घेणं), वेग खाली, नाहीतर कॉल बंद.

शिवाय डेटा मोडमध्ये असलेला मोडेम टोन काढूच शकत नाही. तुम्ही टर्मिनलवर ५ दाबलं की ते ५ हे अक्षर डेटा म्हणून जातं, टोन म्हणून नाही. बाहेरून दुसरा फोन समांतर जोडून बटण दाबणं हाच पर्याय उरतो, आणि त्याचा परिणाम वर सांगितला तो.

अगदी संथ मोडेमच्या बाबतीत पट्ट्यात मोकळी जागा उरायची, हे खरं. व्ही.२१ च्या ३०० बिट्समध्ये एक बाजू ९८० आणि ११८० हर्ट्झवर, दुसरी १६५० आणि १८५० वर. त्याच्या वरचा भाग रिकामा. भाडेपट्टीच्या लाइनवर टेलिमेट्री (दूरची मोजमापं मागवणं) करणाऱ्यांनी या मोकळ्या जागेचा पुरेपूर फायदा घेतला. वीज कंपन्यांच्या पॉवर लाइन कॅरिअरमध्ये (विजेच्या तारांवरूनच संदेश पाठवण्याच्या पद्धतीत) खालचा भाग बोलण्याला आणि वरचा टेलिमेट्रीला, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालली. पण तिथे मधे एक्स्चेंज नसतं आणि दोन्ही टोकांची उपकरणं एकाच मालकाची असतात. डायल-अप लाइनवर मधल्या प्रत्येक उपकरणाचं मत विचारात घ्यावं लागतं.

ते मत किती महाग पडू शकतं याचा इतिहास मजेशीर आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. एके काळी एक्स्चेंज एकमेकांशी बोलायची तीसुद्धा त्याच वाटेने ज्यावरून ग्राहकाचा आवाज जायचा. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रंकवर, म्हणजे एक्स्चेंजना जोडणाऱ्या लाइनवर, २६०० हर्ट्झचा टोन म्हणजे ‘ट्रंक मोकळी आहे’. बोलणं चालू असताना कोणी तसाच टोन वाजवला की पलीकडचं एक्स्चेंज समजायचं, फोन ठेवला. आणि ट्रंक पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभी राहायची. १९५४ आणि १९६० मध्ये बेल सिस्टिमच्याच तांत्रिक नियतकालिकात ही पद्धत आणि तिच्या फ्रिक्वेन्सी छापून आल्या, आणि पुढच्या काळात फुकट फोन करणाऱ्यांची एक अख्खी जमात तयार झाली. पण त्या काळात मोडेमवाल्यांची डोकेदुखी उलटी होती: स्विचला आज्ञा द्यायची नसताना ती जाऊ नये, ही. मोडेमचा सिग्नल चुकून एकट्या २६०० सारखा दिसला तर डेटा चालू असताना ट्रंक सुटणार. म्हणून अमेरिकेच्या नियमांत लाइनला जोडायच्या उपकरणांवर अट आली की २४५० ते २७५० हर्ट्झमध्ये जेवढी ताकद असेल, निदान तेवढी ८०० ते २४५० मध्येही असली पाहिजे. सिग्नलिंगचा (एक्स्चेंजच्या आपसातल्या आज्ञांचा) रिसीव्हर खालच्या पट्ट्यात काही आवाज असेल तर ‘हे बोलणं आहे’ असं मानून गप्प राहायचा, त्या सवयीचा हा आधार.

व्ही.२२ मधला गार्ड टोन हा याच कुटुंबातला. उत्तर देणारा मोडेम २४०० हर्ट्झच्या कॅरिअरवर बोलतो. ब्रिटनच्या जाळ्यात २२८० हर्ट्झचं सिग्नलिंग होतं, आंतरराष्ट्रीय नंबर ५ पद्धतीत २४०० आणि २६००. एकटा २४०० चा आवाज धोक्याचा. म्हणून उत्तर देणारा मोडेम सोबत १८०० हर्ट्झचा एक निरुपयोगी टोन सोडतो, जेणेकरून एक्स्चेंज त्याला सिग्नल समजणार नाही. जुन्या मोडेमच्या माहितीपुस्तिकेत अँपरसँड जी०, जी१, जी२ अशा आज्ञा दिसतात: टोन नको, ५५० हर्ट्झ, १८०० हर्ट्झ. हेवा वाटण्यासारखी नसली तरी हुशार तडजोड होती. मोडेमने फोन उचलल्यावर पहिले दोन सेकंद गप्प राहायचं, ही सवयही तशीच आली. कॉलला उत्तर मिळाल्याचा निरोप बिलिंगपर्यंत विनाअडथळा पोचावा म्हणून.

पुढे सिग्नलिंगच आवाजाच्या वाटेवरून काढून टाकलं गेलं. १९७६ पासून अमेरिकेत वेगळ्या डेटा लिंकवर आणि १९८० च्या दशकात सिग्नलिंग सिस्टिम ७ च्या रूपाने जगभर. आता ग्राहकाच्या लाइनवरून कितीही शिट्ट्या मारा, ट्रंक हलत नाही. दूर बसून ट्रंकच्या स्विचला बोलण्याच्या वाटेवरून आज्ञा देण्याचं दार कायमचं बंद झालं, आणि ते बंद झालं हेच बरं.

आता तुमचं काम कसं करायचं ते. पलीकडे लॉगरला जोडलेला एखादा कॉम्प्युटर आहे असं धरतो, निदान स्क्रिप्ट चालवू शकणारं काहीतरी. क्रम असा. तुम्ही डेटामधून त्याला आज्ञा पाठवता: ‘हा कॉल एक्स्टेंशन २२ कडे दे.’ तो ‘मिळाली’ असं उत्तर देतो. मग एक सेकंद काहीही पाठवत नाही, तीन अधिकची चिन्हं (+++) पाठवतो, पुन्हा एक सेकंद गप्प. मोडेम ओके म्हणतो. कॅरिअर अजून तुटलेला नाही, मोडेम फक्त आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत आला आहे. त्यानंतर डायलच्या आज्ञेत उद्गारचिन्ह, स्वल्पविराम, २२ आणि शेवटी अर्धविराम. उद्गारचिन्ह म्हणजे हुक फ्लॅश, स्वल्पविराम म्हणजे थांबणं (एस८ रजिस्टरमध्ये, म्हणजे मोडेमच्या त्या सेटिंगमध्ये असेल तेवढं, मूळ किंमत दोन सेकंद), अर्धविराम म्हणजे डायल करून झाल्यावर कॅरिअरची वाट न पाहता आज्ञांच्या अवस्थेतच राहणं. मग एटीएच देऊन फोन ठेवायचा. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये फ्लॅश, नंबर, फोन ठेवणं या क्रमाने ट्रान्सफर पूर्ण होतो. २२ ची घंटा वाजते, कंट्रोलरचा मोडेम उचलतो, दोनेक सेकंदांनी २१०० हर्ट्झचा उत्तराचा टोन सुरू होतो.

घोडं पेंड खातं ते तुमच्या बाजूला. पलीकडे फ्लॅश झाला त्या क्षणी तुमचा मोडेम अनाथ होतो. त्याला एक तर शांतता ऐकू येते, नाहीतर ईपीएबीएक्सचं होल्डचं संगीत. कॅरिअर किती वेळ गायब राहिला तर फोन ठेवायचा हे एस१० रजिस्टर ठरवतं. एकक सेकंदाचा दहावा भाग, हेज या मोडेम कंपनीच्या पद्धतीत मूळ किंमत १४, म्हणजे १.४ सेकंद. ट्रान्सफरला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एस१० वाढवा असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि छोट्या खंडांसाठी तो योग्यही आहे. पण इथे तो पुरत नाही. व्ही.३४ चा मोडेम संगीत ऐकून रीट्रेन करू पाहतो, काही वेळाने स्वतःच हात टेकतो. आणि तो टिकला तरी उपयोग काय? नवा मोडेम नव्याने हँडशेक (सुरुवातीची जुळवाजुळव) मागणार. जुन्या संभाषणाच्या मधून कोणी आत शिरू शकत नाही.

म्हणून तुमच्या मोडेमने फोन ठेवायचा, पण लाइन ठेवायची नाही. साधी युक्ती: मोडेमला समांतर एक साधा टेलिफोन जोडा. पलीकडून ‘मिळाली’ आलं की टेलिफोनचा रिसीव्हर उचला आणि मोडेमला +++ आणि एटीएच द्या. लूप टेलिफोनने धरून ठेवलेला असल्यामुळे एक्स्चेंजच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. आता कानाने ऐका. आधी होल्डची शांतता, मग घंटेचा आवाज, मग २१०० चा सरळ, किंचित थरथरणारा टोन (नव्या मोडेममध्ये दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची फेज उलटते, ती टकटक कान लावला तर कळते). तो ऐकू आला की लगेच एटीएक्स१डी, पुढे नंबर काहीच नाही. एक्स१ म्हणजे डायल टोनची वाट पाहू नको. मोकळा डी म्हणजे काही डायल न करता फोन लावणाऱ्याच्या भूमिकेत हँडशेक सुरू कर. मोडेमने लाइन घेतल्याची टिक ऐकू आली की रिसीव्हर हळूच खाली ठेवा. माणूस बसवायचा नसेल तर टेलिफोनच्या जागी रिले आणि होल्डिंग कॉइल (लूपचा करंट चालू ठेवणारी) लावून सीरिअल पोर्टच्या एखाद्या कंट्रोल वायरवरून तो रिले चालवता येतो. होल्डचं संगीत त्या पोर्टपुरतं बंद करून घ्या, निदान टोन ओळखणाऱ्या सर्किटची फसगत टळेल.

दोन ठिकाणी अडचण येऊ शकते. एक, सगळे मोडेम चालू कॉलमध्ये डायलची आज्ञा स्वीकारत नाहीत. काही सरळ चूक दाखवतात, काही आधी कॉल तोडतात. टेबलावर दोन मोडेम आणि तोच ईपीएबीएक्स घेऊन तपासल्याशिवाय साइटवर जाऊ नका. दुसरी, फ्लॅशची लांबी. ईपीएबीएक्सला १०० मिलिसेकंद हवेत आणि मोडेम ५०० देत असेल तर ट्रान्सफरऐवजी कॉल संपतो. ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये फ्लॅशच्या कमाल-किमान वेळा बदलता येतात. मोडेममध्ये बदलता येईलच असं नाही.

कुणी सुचवेल की एवढा खटाटोप कशाला, डेटा क्षणभर थांबवून त्या शांततेत डीटीएमएफ पाठवा आणि पुन्हा सुरू करा. कायम ऐकणाऱ्या लाइन स्विचसाठी हे वरवर पटतं. पण मधल्या जाळ्यात एको (प्रतिध्वनी) रोखणारी उपकरणं असतात, आणि सुरुवातीच्या २१०० च्या टोनने ती बंद झालेली असतात. लाइनवर पाव सेकंदाच्या आसपास शांतता झाली की ती पुन्हा जागी होतात. नंतर मोडेमने तोच कॅरिअर पुन्हा सुरू केला तरी त्यांना बंद करणारा टोन दुसऱ्यांदा कोणी देत नाही. जवळच्या कॉलवर काही बिघडत नाही आणि लांबच्या कॉलवर सगळं बिघडतं, म्हणून हा दोष शोधायलाही त्रासदायक.

डेटा चालू असताना एक्स्चेंजला फ्लॅश देण्याचं काम प्रमाणित पद्धतीने एकदाच झालं, व्ही.९२ मध्ये, २००० साली. मोडेम-ऑन-होल्ड असं त्याचं नाव. त्याआधी कॉल वेटिंग ही मोडेम वापरणाऱ्यांच्या पाचवीला पुजलेली कटकट होती. दुसरा कॉल आला की एक्स्चेंज बोलण्याची वाट क्षणभर तोडून टोन देतं, आणि तेवढ्यात मोडेम कोलमडतो. लोक नंबराआधी *७० लावून (इतर काही ठिकाणी #४३#) ती सोय त्या कॉलपुरती बंद करायचे. व्ही.९२ मध्ये मोडेम तो टोन ओळखतो, पलीकडच्या मोडेमला डेटाच्याच वाटेने विचारतो, ‘मला थोडा वेळ होल्डवर ठेवशील का?’ पलीकडचा मोडेम मुदत देतो, १० सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत, किंवा सरळ नकार देतो. होकार मिळाला तर मोडेम आपल्याच एक्स्चेंजला फ्लॅश देतो, माणूस बोलून घेतो, दुसऱ्या फ्लॅशने कॉल परत येतो आणि लहान हँडशेक होऊन डेटा पुढे चालू. मला ही रचना फार आवडते. आधी दोन्ही टोकांनी ठरवायचं, मग ज्याच्या एक्स्चेंजला फ्लॅश हवा त्यानेच तो द्यायचा. तुमच्या कामात नेमकं हेच हाताने करायचं आहे.

मूळ उपाय मात्र वेगळाच: आज्ञेला स्वतःची वाट देणं. सुरुवातीच्या काळात ती होतीच. १९६० च्या दशकात मोडेम फक्त डेटा करायचा आणि डायल करायला वेगळा डबा, वेगळी समांतर केबल. १९८१ मध्ये हेजच्या स्मार्टमोडेमने दोन्ही कामं एकाच वायरवर आणली आणि सोय झाली, पण आज्ञा आणि डेटा एकाच ओळीत उभे राहिले. +++ च्या आजूबाजूचा एक सेकंद त्याचीच किंमत. त्या सेकंदावरचं हेजचं पेटंट टाळण्यासाठी काही मोडेममध्ये तो गाळला गेला, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी पिंगच्या (इंटरनेटवर मजकूर पाठवून तोच परत मागणाऱ्या) पाकिटात +++एटीएच० घालून दुसऱ्याचा मोडेम बंद पाडायचा उद्योग केला. पिंगचं उत्तर देताना बिचारा मोडेम स्वतःलाच आज्ञा द्यायचा.

वेगळ्या वाटेचे नमुने बरेच आहेत. व्ही.२३ मध्ये १२०० बिट्सच्या मुख्य वाटेसोबत ७५ बिट्सची उलटी वाट असते, ३९० आणि ४५० हर्ट्झवर. व्ही.३४ मध्ये २०० बिट्सची ऐच्छिक जोडवाट आहे, पण ती देणारे मोडेम शोधावे लागतात. पंचवीस पिनांच्या सीरिअल कनेक्टरवर दुय्यम वाटेसाठी १४ आणि १६ या पिना राखून ठेवल्या होत्या, बहुतेक केबलमध्ये त्या जोडलेल्याही नसतात. सगळ्यात स्वच्छ उत्तर आयएसडीएनचं, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनचं. ६४ किलोबिट्सच्या दोन बी चॅनलवर डेटा, आणि १६ किलोबिट्सच्या डी चॅनलवर एक्स्चेंजशी बोलणं. बी वर डेटा धो-धो वाहत असताना डी वरून होल्ड, ट्रान्सफर, नवा कॉल काहीही करा, एक बिट हलत नाही. तुमच्या साइटवर आयएसडीएन असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

लाइन जर व्हीओआयपी गेटवेतून (आवाज इंटरनेटच्या पाकिटांत घालणाऱ्या उपकरणातून) जात असेल तर आणखी एक गुंता. गेटवे डीटीएमएफ ओळखून आवाजातून काढून टाकतो आणि वेगळ्या पाकिटांत पाठवतो (आरएफसी २८३३, नंतर ४७३३ या इंटरनेट मानकांप्रमाणे). त्यात फ्लॅशलाही स्वतःचा क्रमांक आहे, १६. म्हणजे इथे फ्लॅश पहिल्या एक्स्चेंजपाशी न संपता पुढे नेता येतो, फक्त पलीकडच्या गेटवेने तो मानायला हवा. पण २१०० चा टोन ऐकून गेटवे मोडेमच्या अवस्थेत गेला की बहुतेकदा सगळं जी.७११ (आवाज फारसा न दाबता पाठवण्याची पद्धत) मध्ये जसंच्या तसं वाहू देतो, आणि मघाचेच नियम पुन्हा लागू होतात. कमी बिट्सचा कोडेक (आवाज दाबून पाठवणारी पद्धत) असेल तर मोडेम चालणारच नाही.

माझ्याकडे हे काम आलं असतं तर मी आधी ईपीएबीएक्सच्या मागे पाहिलं असतं. बऱ्याच छोट्या ईपीएबीएक्सना सीरिअल पोर्ट असतो. अनेकांत तो फक्त कॉलच्या नोंदी बाहेर टाकतो, पण काहींत प्रोग्रॅमिंगही करता येतं. तसं असेल तर लॉगरचा कॉम्प्युटर त्या पोर्टला जोडा. डेटा कॉलमधून आज्ञा पाठवा, की पुढच्या दहा मिनिटांत बाहेरून येणारा कॉल २२ कडे दे. कॉल ठेवा, पुन्हा फोन लावा, थेट कंट्रोलर उचलेल. ‘कॉल न तोडता’ ही तुमची अट इथे मोडते, मान्य. पण अर्ध्या-पाऊण मिनिटात काम होतं, फ्लॅशची लांबी, होल्डचं संगीत, एको, एस१० यांपैकी कशाचाच संबंध उरत नाही, आणि काही चुकलं तर दहा मिनिटांनी सगळं आपोआप मूळ जागी येतं. दूरच्या साइटसाठी शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. कॉल चालू ठेवायलाच हवा असं काही खास कारण नसेल, तर ट्रान्सफरच्या मागे लागू नका.

सुरक्षेबद्दल थोडं. बाहेरून डीटीएमएफ ऐकणारा डीआयएसए पोर्ट उघडा ठेवणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तो सापडला की लोक तुमच्या लाइनवरून परदेशी फोन करतात आणि बिल तुम्हाला येतं. ठेवायचाच असेल तर बाहेर जाणारे कॉल त्याच्यावर पूर्ण बंद करा आणि कोडमध्ये ए ते डी ही बटणं वापरा. साध्या फोनवर ती नसतात, मोडेम मात्र काढू शकतो. हे कुलूप नव्हे, फक्त आडोसा. डायल-बॅक लावणार असाल, म्हणजे पलीकडच्या मोडेमने ठेवून तुमच्या नोंदलेल्या नंबरवर उलट फोन करायचा, तर तो दुसऱ्या लाइनवरून करू द्या. काही एक्स्चेंजमध्ये फोन लावणाऱ्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही. मग चोर फोन ठेवतच नाही, खोटा डायल टोन ऐकवतो, आणि तुमचा मोडेम त्याच्याच कानात आकडे डायल करून त्याला आत घेतो.

टेबलावर सगळं जमलं की एस रजिस्टर आणि एक्स, जी वगैरे निवडी अँपरसँड डब्ल्यूने मोडेमच्या स्मृतीत साठवा, मग पलीकडच्या मोडेमची वीज काढून पुन्हा लावा आणि अख्खा क्रम परत चालवून पाहा. साइटवर वीज जाऊन आल्यावर मोडेम फॅक्टरीच्या किमतींवर परतला तर तुमचा एस१०, एस८ आणि ऑटो आन्सरचा एस० सगळं गेलेलं असेल, आणि ते पुन्हा घालायला फोनवरून आत शिरायचा रस्ताही उरलेला नसेल.